आलेल्या क्रमाने : एका गटप्रकल्पाचा अभ्यास

स्मरणिकेसाठी ‘विद्यार्थ्यांचे गटप्रकल्प’ या विषयावर लेख लिहावा, असे संपादक मंडळाने मला कळविले, तेव्हा मी कपाटातून दोन फायली काढल्या. पहिलीत अनेक वर्षांतील प्रकल्पांचे सुबक अहवाल, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे आहेत. दुसरी फाइल जुनी असून तिच्या पाठीला चिकटपट्टी लावलेली आहे. तीत इयत्ता नववीच्या सात विद्यार्थ्यांचा एकच प्रकल्प आणि त्याचे दोन अहवाल आहेत. पहिल्या अहवालाला मी वीसपैकी वीस गुण दिले होते. दुसरा अहवाल त्यांनी वार्षिक परीक्षा संपल्यावर, कोणी न सांगता लिहिला. त्याला गुण देण्याचा प्रश्नच नव्हता. मी या दुसऱ्या फायलीविषयी लिहिणार आहे. त्या सात जणांपैकी काही जण आज पालक आहेत आणि ही स्मरणिका त्यांच्याही हाती पडेल. त्यांची नावे मुद्दाम देत नाही. ज्यांनी ते वर्ष आपल्या वसतिगृहात काढले, त्यांना ती सांगावी लागणार नाहीत.

प्रकल्प ‘जलसुरक्षा’ या विषयाचा होता. मी सुचविले होते परिसर सुशोभन. विहाराकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेने तिरप्या विटा लावाव्यात, त्यांना चुना आणि गेरू द्यावा, बोधिवृक्षाच्या पाराभोवती झेंडू लावावा, झाडांना किती पाणी घातले त्याची नोंद ठेवावी आणि वर्षाखेरीस छायाचित्रे चिकटवावीत, अशी माझी कल्पना. वर्धापनदिनी येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेत भरेल असा हा प्रकल्प होता, हे आज कबूल करतो. विद्यार्थ्यांनी तो पंधरा दिवस मनापासून केला. एके सकाळी गटातील एक मुलगी म्हणाली, “सर, आम्ही पाच वाजता झेंडूला पाणी घालायला येतो, तेव्हा मुलांच्या वसतिगृहामागे पाचवी-सहावीची पोरं संडासाच्या रांगेत उभी असतात. सहाला आम्ही परत निघतो, तरी तीच पोरं तिथंच असतात. हा पण पाण्याचाच प्रश्न ना?”

मी तिला म्हणालो की तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे, आपला विषय पाणी आहे. दुसऱ्या दिवशी सातही जण माझ्या टेबलापाशी आले आणि विषय बदलून मागू लागले. मी परवानगी दिली, ती थोड्या नाराजीनेच.

गटाचे पहिले काम प्रश्नावलीचे. आजही बहुतेक गट येथूनच सुरुवात करतात, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद तयार केला. त्यातील तिसरा प्रश्न असा : ‘शौचालय व पाणी यांच्या सोयीविषयी तुम्ही समाधानी आहात काय? होय / नाही.’ पाचवीच्या झाडून साऱ्या मुलांनी ‘होय’वर खूण केली. गट गोंधळला. डोळ्यांना दिसणारी रांग आणि कागदावरचे ‘होय’ यांचा मेळ बसेना. मग त्यांच्याच लक्षात आले की कागदाच्या डोक्यावर उत्तर देणाऱ्याचे नाव आहे, कागद वाटणारा नववीचा आहे आणि तो परत गोळा करणाराही नववीचाच आहे. दहा वर्षांच्या मुलाने अशा कागदावर ‘नाही’ लिहावे, ही अपेक्षाच चुकीची होती. त्यांनी तो गठ्ठा बाजूला ठेवला. पुढच्या रविवारी गटातील एक मुलगा आपले कपडे घेऊन धुण्याच्या दगडांवर पाचवीच्या मुलांत जाऊन बसला. त्याने प्रश्न विचारलाच नाही. साबण दिला, पिळायला मदत केली. दुपारपर्यंत त्याला कळले ते असे की, एक मुलगा चारच्या खाऊनंतर पाणीच पीत नाही. प्यायले तर रात्री उठावे लागते आणि सकाळी रांगेत कळ काढावी लागते. दुसरा मुलगा सकाळी जातच नाही, दुपारच्या सुट्टीपर्यंत थांबतो. पाणी कमी प्यायल्याने आणि लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, शौच रोखून धरल्याने बद्धकोष्ठता होते, असे आरोग्य तपासणीस येणारे डॉक्टर दरवर्षी आम्हा शिक्षकांना सांगत. आम्ही मान डोलावत असू.

यानंतर गटाने मोजमाप केले. गळक्या नळाखाली एक लिटरची बाटली धरली. ती दहा मिनिटांत भरली. दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणजे एका नळातून रोज १४४ लिटर पाणी, सोळा लिटरच्या नऊ बादल्या, कोणाच्याही उपयोगी न पडता मोरीत जात होते. वायसर बदलायला काही रुपये आणि अर्धा तास लागला. तेव्हा सर्वांना, मलाही, वाटले की प्रश्न सुटला. रांग मात्र तेवढीच राहिली, कारण पाणी मुळात कमी नव्हतेच.

कारण निराळे होते आणि ते प्रत्येकाला ठाऊक होते. रात्रीच्या जेवणानंतर दहावीची मुले रिकाम्या बादल्या नेऊन रांगेत ठेवत. एका मुलाने चार मित्रांच्या बादल्या लावायच्या, बाकीच्यांनी साडेपाचपर्यंत निजायचे. पाचच्या घंटेला धावत आलेले लहान मूल अशा रीतीने वीस बादल्यांच्या मागे उभे राही. एखाद्याने बादली सरकवलीच तर टपली बसे. दहावीची मुले दुष्ट होती असे कोणी समजू नये. तीही पाचवीत असताना याच बादल्यांमागे उभी राहिली होती आणि आता आपली पाळी आली, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

मग गटाने माझ्याकडे एक वही मागितली. सव्वासहाच्या वंदनेस उशिरा येणाऱ्यांची नावे मी एका लांबट वहीत लिहीत असे आणि त्यांना मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावत असे. मी वही दिली. विद्यार्थ्यांनी एका महिन्यातील नावे वर्गांप्रमाणे वेगळी काढली. निम्म्याहून कितीतरी अधिक नावे पाचवी-सहावीची होती. दहावीचे एकही नव्हते. मी त्या वहीला शिस्तीची वही समजत होतो. मुलांनी ती रांगेची वही म्हणून वाचली, आणि त्यांचे वाचन बरोबर होते. जो रात्री बादली ठेवून निजत होता तो वेळेवर आणि नीटनेटका वंदनेला बसत होता. जो पाच वाजल्यापासून उभा होता तो धापा टाकत येत होता आणि मी त्याला पळायला लावत होतो. आदल्या वर्षीच्या २० मार्चला मी याच मुलांपुढे महाडच्या सत्याग्रहावर तासभर बोललो होतो. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, पुढे दहा वर्षे न्यायालयात लढा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, हे मी तारखांसह सांगितले होते. त्या दिवशीही उशिरा आलेल्यांना मी मंडपाच्या मागे उभे केले होते. त्यांत बहुतेक मुले पाचवीची असावीत. वही पाहिल्यावर ते मला आठवले.

विनयपिटकातील तीन प्रसंग

वर्षावासाचे दिवस होते. पूज्य भदंत धम्मदेसनेसाठी आले असता गटाने त्यांना जरा संकोचानेच आपला विषय सांगितला. धर्मग्रंथात संडासाविषयी काय असणार, अशी त्यांची समजूत होती. खरे सांगायचे तर माझीही. भन्तेजी हसले आणि त्यांनी चुल्लवग्गाचे आठवे प्रकरण वाचायला सांगितले. गटाने आणि मी पुढचे चार रविवार त्या वाचनात घालविले. त्यातून जे हाती लागले ते या लेखाचा गाभा आहे.

भिक्षुसंघात ज्येष्ठतेला फार मोठे स्थान आहे. ही ज्येष्ठता जन्माने ठरत नाही. उपसंपदा आधी कोणाची झाली यावर ठरते. शाक्य राजपुत्रांनी आपल्या आधी न्हावी असलेल्या उपालीला दीक्षा द्यायला लावली आणि त्यामुळे त्यांनाच उपालीला वंदन करावे लागले, ही कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. आसन, भोजन आणि वंदन यांत ज्येष्ठांचा मान आधी. या रीतीने भिक्षू शौचकूपही ज्येष्ठतेच्या क्रमाने वापरू लागले. नवे भिक्षू आधी येऊन थांबत, मागून स्थविर येत आणि आत जात. कळ दाबून उभे राहिलेले नवे भिक्षू मूर्च्छा येऊन पडू लागले. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी येथे ज्येष्ठतेचा नियम लागू होणार नाही असे सांगितले आणि आलेल्या क्रमाने जाण्याची अनुज्ञा दिली. पाली शब्द आहे ‘आगतपटिपाटी’. गटाने हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला.

मला या प्रसंगातील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जी ज्येष्ठता मोडायची नव्हती, जिच्यावर संघाची घडी बसलेली होती, तीसुद्धा शरीराच्या गरजेपुढे बाजूला ठेवली गेली. वंदनेत ज्येष्ठांचा मान राहिलाच. रांगेत तो गेला. आपल्या वसतिगृहात ‘मोठ्यांचा मान’ म्हणून जे चालले होते त्याला धम्मात आधार आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला हे प्रकरण वाचायला द्यावे.

त्याच प्रकरणात शौचकूपाविषयी इतर बारीक नियमही आहेत. बाहेर उभे राहून आधी खोकावे, आत कोणी असेल तर त्यानेही खोकून कळवावे. घाईने आत शिरू नये. जागा मळली असेल तर धुवावी. केरकचरा असेल तर झाडावे. धुण्याच्या कुंभातील पाणी संपले असेल तर भरून ठेवावे. हे काम अमक्या कुळातून आलेल्या भिक्षूने करावे, असे कोठेही नाही. ज्याला मळलेले दिसले, त्याचे ते काम.

दुसरा प्रसंग राहुलाचा. भिक्षूंनी अनुपसंपन्नांसह एका छताखाली झोपू नये, असा नियम झाला होता. नियमामागे कारण होते. कोसंबीच्या बदरिकारामात भिक्षूंनी श्रामणेर राहुलाला हा नियम सांगितला आणि झोपण्याची जागा शोधून घ्यायला सांगितले. जागा न मिळाल्याने त्या मुलाने शौचकूपात रात्र काढली. पहाटे तथागत तेथे गेले आणि बाहेरून खोकले. आतून राहुल खोकला. कोण आहे म्हणून विचारले, तेव्हा त्याने आपले नाव सांगितले. तथागतांनी त्याच्या वागण्यात खोट काढली नाही. त्यांनी नियमच सुधारला आणि दोन-तीन रात्रींपर्यंत एकत्र राहण्याची मुभा दिली. नियम चांगला असू शकतो, त्याचा हेतूही चांगला असू शकतो, आणि तरीही त्याचा सारा भार संस्थेतील सर्वांत लहान माणसावर पडू शकतो. माझी उशिराची वही याच जातीची होती.

तिसरा प्रसंग सर्वांना परिचित आहे, फक्त त्याचे मूळ आपण विसरतो. कोसंबीच्या भिक्षूंमध्ये इतके मोठे भांडण झाले की तथागत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात एकटे राहायला गेले. अट्ठकथेप्रमाणे त्या भांडणाची सुरुवात शौचानंतर भांड्यात उरलेले पाणी ओतून टाकले नाही, एवढ्या कारणावरून झाली. एका धम्मकथिकाने पाणी ठेवले, एका विनयधराने ते पाहिले, दोघांच्या शिष्यांनी ते वाढवले. उपासकांनी दान देणे थांबविले, तेव्हा भिक्षू भानावर आले. मज्झिम निकायातील कोसंबिय सुत्तात सहा सारणीय धम्म सांगितले आहेत, ते याच भांडणाच्या पार्श्वभूमीवर : कायेने, वाचेने आणि मनाने मैत्री, मिळालेले वाटून घेणे, अगदी भिक्षापात्रातील अन्नसुद्धा, शील सारखे असणे आणि दृष्टी सारखी असणे. आपल्याकडे हे सहा धम्म भिंतीवर रंगवलेले होते. टमरेलाशी त्यांचा संबंध असेल, असे कोणाच्या मनात आले नव्हते.

पहिला अहवाल

गटाने वसतिगृह सभेत तीन ठराव मांडले. आलेल्या क्रमाने जायचे आणि रांगेत माणूस उभा पाहिजे, बादली चालणार नाही. कडेचे दोन संडास सहा वाजेपर्यंत पाचवी-सहावीसाठी राखावेत. उशिराच्या वहीत नावासमोर कारण लिहावे आणि पळण्याची शिक्षा बंद करावी. दहावीच्या मुलांनी विरोध केला, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते : त्यांची अभ्यासिका साडेपाचला सुरू होत असे, रांगेत थांबले तर ती बुडे. अखेर अभ्यासिका वीस मिनिटे पुढे ढकलण्यात आली. तोवर प्रत्येक ठराव मुलांनी बदलावे असा होता. हा पहिला ठराव ज्यात शिक्षकांना काही बदलावे लागले. महिन्याभरात रांग आटोक्यात आली. वंदनेला पाचवीची मुले दिसू लागली. अहवालात आलेख होते, बाटलीचे चित्र होते, ‘आगतपटिपाटी’ होती. मी वीस गुण दिले. प्रदर्शनात तो मांडला गेला, पाहुण्यांनी कौतुक केले. येथे हा लेख संपला असता तर संपादक मंडळाला जागाही कमी लागली असती.

अहवालाच्या शेवटच्या पानावर आणखी एक तक्ता होता : ‘शौचालय स्वच्छतेचे वेळापत्रक – वर्गनिहाय’. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक दिवस, मुले कोणती ते वर्गप्रमुखाने ठरवायचे. विनयात सांगितले आहे, तेव्हा आपणही करावे, असा शुद्ध हेतू. मला तो तक्ता फार आवडला होता.

जानेवारीत एक पालक-माता भेटायला आल्या. त्या एका नगरपालिकेत सफाई कामगार होत्या. त्यांचा मुलगा सहावीत होता. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझ्या सासूनं जन्मभर हेच काम केलं, सर. मी पण करते. पोराला इथं टाकलं ते यातून सुटावं म्हणून. अन् तुम्ही इथं त्याच्याच हातात खराटा दिला?”

मी त्यांना शांतपणे सांगू लागलो की हे काम सर्व वर्गांना आहे, श्रमप्रतिष्ठेसाठी आहे, आणि विनयातील तो सारा प्रसंग सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, “बुद्धाच्या संघात मोठमोठे राजपुत्र पण धूत होते ना? मग तुमच्या यादीत तुमचं नाव कुठं आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या मुलाला बोलावले. चौकशीत जे बाहेर आले ते असे : नववी-दहावीचे प्रमुख आपली पाळी आठवीकडे ढकलत, आठवी सातवीकडे, आणि शेवटी काम सहावीतील चार-पाच मुलांवर येऊन थांबे. ती मुले कोण, हे येथे लिहिताना हात जड होतो. ज्यांच्या घरी हे काम आहे असे इतरांना माहीत होते, तीच ती मुले होती. “तुला येतं ना,” एवढे एक वाक्य पुरत असे. सारी मुले बौद्ध घरांतील, एकाच विहारात त्रिसरण-पंचशील घेणारी, आणि तरीही.

पालकसभेत यावर तीन तास चर्चा झाली. काही पालकांचे म्हणणे होते की आमच्या लेकरांनी या कामाला हातच लावायचा नाही. पैसे देऊन माणूस लावा. त्या माताच उठून म्हणाल्या, “तो माणूस कोणाच्या घरचा आणणार?” सभा काही वेळ गप्प राहिली.

या प्रश्नावर बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट आहे आणि ती सोयीनुसार वापरता येत नाही. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत वाटणी करते. भंगीकामाचा गौरव करून त्या माणसाला त्याच कामात समाधानी ठेवण्याच्या उपदेशावर त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुनीताची कथा त्यांनी घेतली आहे. त्या सफाई करणाऱ्या सुनीताला तथागतांनी तू तुझे काम चांगले कर असे सांगितले नाही. त्याला संघात घेतले. हाताने मैला साफ करायला लावणे हा आज गुन्हा आहे आणि २०१३ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मलटाक्या व गटारांपर्यंत नेली आहे. तेव्हा ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द आपल्या समाजात उच्चारताना दहादा विचार केला पाहिजे. मी एकदाही केला नव्हता.

आणि तरीही, ज्या संडासात आपण जातो तो आपण धुवायचा नाही, हेही मला पटत नाही. जन्मावरून लादलेले काम नाकारणे आणि स्वतःच्या शरीराची घाण दुसऱ्यावर न टाकणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कोणते वेळापत्रक कोणत्या जातीचे, हे त्याच्या हेतूवरून कळत नाही. यादीतले पहिले नाव कोणाचे आहे आणि आपली पाळी दुसऱ्यावर ढकलता येते की नाही, या दोन गोष्टी पाहिल्या की ते कळते.

नवी यादी चिठ्ठ्या टाकून केली. आठवीपासून पुढचे सर्व विद्यार्थी, सर्व शिक्षक, गृहपती, मुख्याध्यापक. पाचवी ते सातवी वगळली. पाळी बदलून घेता येणार नाही. आजारपणात ती पुढे जाईल, दुसऱ्याकडे जाणार नाही. मलटाकी आणि चेंबरला कोणीही हात लावायचा नाही, त्यासाठी यंत्राची गाडी बोलवायची. “काम लावायचंच असेल तर आधी हत्यार द्या,” असे त्या माता म्हणाल्या होत्या, म्हणून लांब दांड्याचे ब्रश, रबरी हातमोजे आणि गमबूट आणले. ते वापरायचे कसे, हे त्यांनीच एका रविवारी येऊन दाखविले. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करायचे नाही, त्यातून विषारी वायू निघतो, हे त्यांनी आमच्या विज्ञानशिक्षकांसमोर सांगितले आणि विज्ञानशिक्षकांनी त्यातील क्लोरिन वायूचे समीकरण फळ्यावर लिहिले. त्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या. यादीत माझी पाळी तिसऱ्याच दिवशी आली. पहिल्या दिवशी मला ते काम नीट जमले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

दुसरा अहवाल

परीक्षेनंतर सात जणांनी लिहिलेला दुसरा अहवाल नऊ पानांचा आहे. त्यात आलेख नाही. गटप्रमुखाने लिहिले आहे की सहावीची मुले रोज धूत आहेत हे त्याला डिसेंबरमध्येच दिसले होते, पण प्रदर्शन जवळ आले होते आणि ते लिहिले तर गुण जातील असे वाटले. धुण्याच्या दगडावर बसलेल्या मुलाने लिहिले आहे की त्याने पाचवीच्या मुलांना बोलते केले आणि नंतर त्यांना काय झाले हे विचारायला तो पुन्हा गेला नाही. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिचे पान सर्वांत लहान. गटात तीन मुली असूनही प्रकल्प मुलांच्या वसतिगृहाचाच झाला; मुलींच्या बाजूला मासिक पाळीच्या दिवसांत कापड वा पॅड टाकायला झाकणाचा डबासुद्धा नाही, हे तिघींना पहिल्या दिवसापासून माहीत होते आणि सरांसमोर बोलायचे कसे, म्हणून त्या गप्प राहिल्या, असे तिने लिहिले आहे. ते वाचल्यावर डबा आठ दिवसांत आला. इतका सोपा उपाय इतका काळ अडला तो फक्त माझ्यासमोर बोलता येत नव्हते म्हणून.

सर्व काही सुरळीत झाले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. उन्हाळ्यात विहीर खाली गेली आणि टँकर येऊ लागला की बादल्या पुन्हा रांगेत दिसू लागतात. दर जूनमध्ये नवी मुले येतात, त्यांना मोठ्यांनी सांगितलेली जुनी पद्धत आधी कळते आणि भिंतीवरचा पाली शब्द मागाहून. एका वर्षी तर यादीच हरवली आणि महिनाभर कोणाला आठवण झाली नाही. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले, तेव्हापासून आपल्या समाजाने शिक्षणाबरोबर मुलांच्या राहण्याचीही चिंता वाहिली आहे. खोल्या, खाटा आणि जेवण यांच्या नोंदी संस्थांच्या अहवालांत मिळतात. पहाटे पाचला रांगेत शेवटी कोण उभे होते, याची नोंद मात्र त्यांत सहसा सापडत नाही. म्हणून ही फाइल मी जपून ठेवली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना ती पाहायची असेल त्यांनी अवश्य मागावी, आणि आपल्या काळातील रांग कशी होती तेही लिहून त्यात घालावे.

गेल्या वर्षावासात पाचवीच्या वर्गाला राहुलाची गोष्ट सांगत होतो. खोकण्याचा प्रसंग आला तेव्हा अर्धा वर्ग खोकून दाखवू लागला. तो शांत झाल्यावर पहिल्या बाकावरच्या एकाने विचारले, “सर, राहुल रात्रभर आत बसला, त्याला वास नाही आला?” मी विनयातील नियम आठवून काही सांगणार, तोच मागून आवाज आला, “ज्याची पाळी होती त्यानं धुतला असेल ना!”